विषय: शनिवारी बंद असणारे रेवदंड्याचे औषधांचे दुकान

सर्व सभासदांस स. न. वि. वि.

माझे आजोबा गेल्या महिन्यात रेवदंड्याला वारले. शंभरीला दोन वर्षे कमी होती. मंडळातील अनेकांनी फोन करून विचारपूस केली आणि दोघा-तिघांनी मोठ्या संकोचाने ‘तुमच्यात दहावे-तेरावे करतात का’ असेही विचारले, म्हणून जरा सविस्तर लिहिते. आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले यहुदी. आम्ही सात दिवस शोक पाळतो आणि काडिश ही मृतासाठीची प्रार्थना म्हणतो. त्यासाठी किमान दहा प्रौढ यहुदी पुरुष हजर असावे लागतात. रेवदंड्याची १८४२ ची आमची मशीद (सिनेगॉगला, म्हणजे यहुद्यांच्या प्रार्थनास्थळाला, घरात आम्ही मशीदच म्हणतो) अजून उभी आहे, पण दहा माणसे आता गावात जमत नाहीत. ती अलिबागहून आणि मुंबईहून आली.

आमचे पूर्वज नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून आले, सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या, अशी आमच्यातली परंपरागत कथा आहे. पुढे ते कोकणात तेलाचे घाणे चालवू लागले आणि शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून ‘शनिवार तेली’ म्हटले गेले. आजोबांनी घाण्याऐवजी खल-बत्ता धरला, पण शनिवार सोडला नाही. तरुणपणी ते एका दवाखान्यात कंपाउंडर होते. १९४८ च्या फार्मसी कायद्याने औषधे तयार करण्याचा पाच वर्षांचा अनुभव असणाऱ्यांनाही पहिल्या नोंदवहीत नाव घालण्याची मुभा दिली, तिचा लाभ घेऊन ते नोंदणीकृत औषधविक्रेते झाले. भाऊ इस्राएलला गेले. हे गेले नाहीत. कारण विचारले की ‘इथल्या बाटल्यांवर कागद कोण चिकटवणार?’ एवढेच म्हणत. मिश्रणाच्या बाटलीला कात्रीने खाचा पाडलेली कागदाची पट्टी लावत, एक खाच म्हणजे एक मात्रा, आणि वाचता न येणाऱ्या माणसालाही ती बरोबर समजे.

शुक्रवारी सूर्यास्ताआधी आजी दिवा लावी, भिजवलेल्या काळ्या मनुकांचे सरबत पेल्यात ओतले जाई आणि दुकानाला कुलूप लागे. शब्बाथ, म्हणजे आमचा आठवड्याचा विश्रांतीचा पवित्र दिवस, शनिवारी रात्री तीन तारे दिसल्यावर संपतो. परंतु आषाढ-श्रावणात रेवदंड्याला तारे दिसणार कुठून? म्हणून आजोबा मिट्ट काळोख होईपर्यंत थांबत आणि वर आणखी अर्धा तास. मात्र जीव वाचवण्यासाठी शब्बाथ मोडावाच लागतो, असे आमचे शास्त्र सांगते, आणि विंचू किंवा फुरसे वार पाहून चावत नाही. अशा वेळी डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन कोणी दार वाजवले तर ते कुलूप काढून औषध देत, पण पैशाला हात लावत नसत आणि वहीत लिहितही नसत, कारण त्या दिवशी दोन्ही वर्ज्य. रात्री शब्बाथ सुटल्यावर ते आठवणीने नोंद करत. त्या नोंदी मी पाहिल्या आहेत. त्यात एकही खाडाखोड नाही.

आपली,
एक सभासद

—

प्रिय ताई,

आपले पत्र वाचून आईला मोठ्याने वाचून दाखवले. आम्ही चौलचे. आपण आजोबांचे गोड चित्र काढले आहे, ते खरेच आहे, पण ते रागीटही होते हे सांगितल्यावाचून राहवत नाही. बरे वाटू लागताच मी प्रतिजैविकाच्या गोळ्या मध्येच बंद केल्या होत्या, तेव्हा सर्वांसमोर त्यांनी मला असे खडसावले की पुढची दोन वर्षे मी त्या दुकानासमोरून गेलो नाही.

वडिलांना वाडीत नारळाच्या झावळ्या गोळा करताना लाल विंचू चावला होता, तोही शनिवारी दुपारी. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी १९८० च्या दशकात प्राझोसिन हे मूळचे रक्तदाबावरचे औषध विंचूदंशात प्राण वाचवते हे दाखवून दिले होते, आणि आमच्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर तेच लिहिले. वडील घामाने निथळत होते. आजोबांनी एका शब्दाने न विचारता गोळ्या दिल्या. पुढे वडील मुंबईला गेले आणि ते पैसे कधीच दिले गेले नाहीत, ही खंत त्यांनी शेवटपर्यंत बाळगली. आपल्याजवळ ती वही असेल, तर रक्कम कळवावी. मशिदीच्या दुरुस्तीसाठी देऊ.

आपला,
चौलकर

—

चौलकरदादा,

खडसावण्याबद्दल तक्रार करणारे आपण पहिले नाही. माझ्या बाबांनाही तोच प्रसाद मिळाला होता.

वही आत्याकडे आहे. तिने काल रात्री शोधून फोटो पाठवला. आजोबांच्या बारीक अक्षरात असे आहे: ‘चौल, विंचू, शनिवार दुपार. गोळ्या दिल्या. येणे.’ आणि त्याखाली वेगळ्या शाईत: ‘घरून मंडळी आली. पापलेट दोन, जमा. कोळंबी शेजारी दिली.’ (पर आणि खवले नसलेले आम्ही खात नाही, हे आपल्या आईंना तेव्हा ठाऊक नसणार.) आईंना विचारून पाहावे, वडिलांना न सांगता हिशेब त्यांनीच चुकता केला असावा.

आपली,
रेवदंड्याची नात