मदत हवी आहे: अ‍ॅनालॉग ऑक्टेव्ह-सिंथ पेडलवर खालचा सूर तुटतो

इलेक्ट्रिक गिटार (हंबकर, ब्रिज पिकअप) → कॉम्प्रेसर → डिस्टॉर्शन → सिंथ पेडल → डिले → १२ इंची स्पीकरचा अ‍ॅम्प. सहाव्या (सर्वांत जाड) तारेवर सब-ऑक्टेव्ह, म्हणजे पेडलने काढलेला एक सप्तक खालचा सूर, थरथरतो आणि सूर विरताना अचानक वरच्या सप्तकात उडी मारतो. पॉवर कॉर्डवर (दोन सूर एकत्र) नुसती घरघर. पेडलचा फिल्टर (आवाजाची चमक कमी-जास्त करणारा भाग) कधी उघडतो, कधी नाही. जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद १
पेडल बिघडलेलं नाही, जोडणीचा क्रम चुकलाय. सब-ऑक्टेव्हचं सर्किट तरंगाची आवर्तनं मोजतं आणि दर दोन आवर्तनांमागे एक बाहेर सोडतं. दोन सूर एकत्र आले की मोजणीच फसते, म्हणून पॉवर कॉर्ड विसरा. १९८२चं बॉस कंपनीचं ओसी-२ ऑक्टेव्ह पेडलसुद्धा एका वेळी एकच सूर धरतं. तार विरताना मूळ सूर क्षीण झाला की दुसरा हार्मोनिक (मूळ सुराच्या दुप्पट कंपनांचा उपस्वर) मोजला जातो; ती उडी त्याचीच.

सिंथ सगळ्यात आधी, डिस्टॉर्शन त्याच्या मागे. नेक पिकअप (मानेजवळचा), गिटारचा टोन नॉब २ वर. उघडी तार १२व्या फ्रेटवर अंगठ्याने छेडा: तो तारेचा मध्य, तिथे दुसरा हार्मोनिक जवळपास उठतच नाही. बाकीच्या तारा तळहाताने दाबून ठेवा, त्यांची गुणगुणही मोजली जाते.

प्रतिसाद २
वरच्याशी सहमत. फिल्टरबद्दल: ट्रिगरला (दर सुराला फिल्टर सुरू करणारा भाग) नव्या आघाताची उसळी लागते आणि कॉम्प्रेसर नेमकी तीच सपाट करतो. सेटिंग होईपर्यंत तो काढाच. पेडलवर अटॅक डिले (सूर हळू उमटवणारं नियंत्रण) शून्य, स्टार्ट (फिल्टर जिथून सुरू होतो) तळाला, स्टॉप (जिथे थांबतो) वर, रेट (त्याचा वेग) मध्यावर. मग ट्रिगर तळापासून हळूहळू वाढवा, हळुवार छेडलेल्या सुरालाही फिल्टर उघडेपर्यंत. एकाच सुरावर तो दोनदा उघडू लागला तर किंचित मागे या. गिटारचा व्हॉल्यूम बदललात की हे पुन्हा करावं लागेल.

प्रश्नकर्ता
दोघांचे आभार! क्रम बदलला, उडी थांबली, फिल्टरही दर सुराला उघडतोय. पण सहाव्या तारेचा खर्ज अजून पोकळ वाटतो.

प्रतिसाद १
तो स्पीकरचा प्रश्न. उघडी सहावी तार ८२.४ हर्ट्झ, तिचा सब-ऑक्टेव्ह ४१.२. गिटारचा स्पीकर ८०च्या खाली झपाट्याने क्षीण होतो. त्याच तारेवर १२व्या फ्रेटच्या वर वाजवा, म्हणजे सब-ऑक्टेव्ह ८२च्या वर राहील. खालचे सूर हवेच असतील तर बेस अ‍ॅम्प किंवा कीबोर्ड अ‍ॅम्प लावा.