मदत हवी आहे: बोअरच्या पाण्यावर परड्यातली कोथिंबीर-पुदिना कशी जगवू? (सांगली)

हळदीकुंकू:

नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्र, पण आता हात टेकले म्हणून धागा काढतेय.

आम्ही सांगलीत विश्रामबागला राहतो. घरामागे साधारण २० बाय १२ फुटांचं परडं आहे. काळी माती, कोपऱ्यात एक शेवगा, मधोमध धुण्याची तार. स्वयंपाकाला रोज लागणारा हिरवा पाला तरी विकत आणायचा नाही, तोही औषधं न मारता पिकवायचा, असं ठरवलंय.

हे खूळ शिरलं २०१९ च्या महापुरात. तेव्हा आम्ही गावभागात होतो. आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलेलं (धोक्याची पातळी ४५), आणि आम्ही वरच्या मजल्यावर अडकलेलो. तांदूळ, डाळ, तेल सगळं होतं, पण आमटीत टाकायला कढीपत्त्याचं पान नाही. सासूबाई म्हणाल्या, "आमच्या तासगावला परड्यातनं पाला तोडून आणल्याबिगर फोडणी पडायची न्हाई. आन् हितं बघ." खाली पाणी पायऱ्या चढत होतं आणि बाईंना फोडणीचं पडलेलं! पण ते बोलणं काही डोक्यातून गेलं नाही.

तर गेल्या नोव्हेंबरात सुरुवात केली. पहिली चूक माझीच. ओळखीच्या ट्रॅक्टरवाल्याकडून साखर कारखान्याची मळी (उसाचा रस गाळल्यावर उरणारा गाळ) आणली, ती ताजी. हात घातला तर आतून गरम लागत होती, तरी उत्साहात वाफ्यात ओतली. पुदिन्याच्या सगळ्या काड्या चार दिवसांत काळ्या. पुढे महिना-दीड महिना ढीग तसाच ठेवला, ती कुजून भुसभुशीत झाली, मग वापरली. जानेवारीत कोथिंबीर छान आली. पहिली पेंडी कापली तेव्हा घरभर वास!

मार्चपासून मात्र सगळं बिनसलंय. कोथिंबीर तीन इंच झाली की पानं कडेनं करपतात आणि लगेच फुलावर येते. पुदिना खुरटलाय. आणि वाफ्यावर पांढरा थर धरतोय, रांगोळी सांडल्यासारखा. नळाचं पाणी स्वयंपाकाला जातं, परड्याला बोअरचं. त्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, बादलीला पांढरी कडी धरतात. मी रोज सकाळ-संध्याकाळ झारीनं थोडं थोडं देते.

एका दुकानदाराने 'सेंद्रिय सुधारक' म्हणून पिशवी गळ्यात मारली. वर घटकांचा पत्ता नाही. सगळी टाकली, फरक शून्य.

आता सांगा. तो पांढरा थर म्हणजे मीठच का, आणि माती कायमची गेली का? जिप्सम टाका असं शेजारी म्हणतात, ते सेंद्रियमध्ये चालतं का? अक्षय्य तृतीयेला त्याच वाफ्यात हळदीचे चार गड्डे लावायचा विचार आहे, लावू का? आणि पाच माणसांना वर्षभर कोथिंबीर पुरवायला जागा किती लागेल?

पाचट:

ताई, मी वाळवा तालुक्यातला, ही आमच्या घरचीच गोष्ट. उसाला पाटाचं पाणी दाबून दिलं, निचऱ्याची सोय केली नाही, आणि चांगली रानं चोपण-खारवट (सोडियम आणि मीठ साचून बिघडलेली) होऊन बसली. पाणी उडून जातं, क्षार वरच राहतात. तुमच्या झारीनं तेच चाललंय. रोजचं थोडं थोडं पाणी वरच्या दोन बोटांतच फिरतं, उन्हानं उडतं आणि थर मागं ठेवतं. त्यापेक्षा एकदा खोल पाणी द्या, मग मातीत बोट घालून ओल बघा आणि गरज असली तरच परत द्या. वर उसाच्या पाचटाचं चार बोटं आच्छादन टाका. वाफा जमिनीपासून फूटभर उंच गादीवाफा करा आणि कडेनं चर काढा. चर असला तर पावसाळ्यात बरेचसे क्षार धुऊन जातात. माती गेली वगैरे काही नाही.

घरचा कच्चा इलाज: थोडा थर खरवडून त्यावर लिंबू पिळा. फसफसला तर चुन्याचा भाग आहे. गप्प बसला तर बहुतेक मीठ.

खाणीतलं जिप्सम सेंद्रियमध्ये चालतं. पण ते सोडियमवाल्या चोपण मातीला, नुसत्या मिठाला त्याचा उपयोग नाही. म्हणून आधी माती तपासा. चार-पाच ठिकाणी वीतभर खोल 'व्ही' सारखा खड्डा घ्या, कडेची माती तासून एकत्र करा, सावलीत वाळवा आणि अर्धा किलो माती तपासणीच्या प्रयोगशाळेत द्या. सामू (पीएच) आणि क्षारता बघायला सांगा. बोअरचं पाणीही बाटलीत भरून न्या. पिशव्या विकत घेण्याआधी हे करायला हवं होतं, राग मानू नका.

हळद त्या वाफ्यात अजिबात नको. हळद-आल्याला खारं पाणी सोसत नाही, पाणी साचलेलं तर नाहीच. सेलम जातीच्या हळदीचे गड्डे मिळाले तर गोणीत नवी माती आणि कुजलेलं शेणखत भरून लावा.

गच्चीवरची:

मी साताऱ्याची, आमच्याकडे क्षारांपेक्षा माकडांचा त्रास! पाण्याबद्दल एक सुचवते. कोथिंबीर-पुदिन्याला लागतं किती? दोन-तीन तांबे. तांदूळ, डाळ, भाजी धुतलेलं नळाचं पाणी बादलीत साठवा आणि नाजूक पाल्याला तेच घाला. शेवग्याला बोअरचं चालेल. पाणी शुद्ध करायच्या (आरओ) यंत्रातून जे वाया जातं ते पाणी मात्र झाडांना घालू नका, त्यात क्षार आणखी दाटलेले असतात.

कोथिंबीर उन्हात फुलावर येणारच, तो तिचा स्वभाव. मे महिना तिला सुट्टी द्या किंवा हिरव्या जाळीखाली लावा. डब्यातलेच धणे लाटण्याने हलके रगडून दोन फाकी करा, रात्रभर भिजवा. रंग लावलेलं बियाणं घेऊ नका, त्याला औषध चोळलेलं असतं. ३ बाय ४ फुटांचे चार वाफे करा आणि दर बारा-पंधरा दिवसांनी एकच पेरा. माझी पाच जणांची गरज एवढ्यात भागते, उन्हाळा सोडून. सगळं एकदम पेरलं की एकदम संपतं, हे मी तीन वर्षं चुकून शिकले. पुदिना कुंडीतच ठेवा, नाहीतर पावसाळ्यात परडं त्याच्या नावावर होईल.

गवती चहाचा ठोंब पावसाळ्याच्या तोंडावर कुणाकडून तरी फोडून आणा, पानओव्याची काडी आजही खोचा. दोन्ही चिवट.

पाचट:

गच्चीवरची यांना +१. मळी पुढच्या वेळी तीन महिने तरी कुजवा.

हळदीकुंकू:

सगळ्यांचे आभार. लिंबू पिळलं. बादलीच्या कड्यावर जोरात फसफसलं, वाफ्यावरचा थर मात्र जेमतेम एक-दोन बुडबुडे सोडून गप्प. म्हणजे मीठ धरायचं ना? माती वाळत घातलीय, सोमवारी पाण्याच्या बाटलीसकट देऊन येते. हळदीसाठी दोन गोण्या धुऊन ठेवल्यात.

तांदूळ धुतलेलं पाणी मात्र सासूबाईंनी आजच अडवलं. "ते माझ्या कढीपत्त्याचं." यावर काही सेंद्रिय उपाय?