दादाला चेहरे वाचता येत नाहीत, व्यायामाने फरक पडतो का?

वाईची_धाकटी

आमच्या दुकानात एक आजी येतात. त्यांना कमी दिसतं, म्हणून समोरच्याकडे डोळे बारीक करून बघतात. दादाला वाटतं त्या रागावल्यात. तो हातातलं माप तिथेच ठेवतो आणि आत निघून जातो.

दादा ३६ वर्षांचा आहे. बाविसाव्या वर्षी स्किझोफ्रेनियाचं निदान झालं. गोळ्या नियमित चालू आहेत, कानातले आवाज पाच वर्षांपासून बंद आहेत, संशयही जवळपास गेलाय. लोक म्हणतात, "आता बराच बरा आहे की." खरंच आहे. पण आम्हाला जे रोज दिसतं ते लोकांना दिसत नाही. गिऱ्हाइकाने "अर्धा किलो साखर, पाव किलो शेंगदाणे आणि एक काडेपेटी" म्हटलं की काडेपेटी राहते. एक पुडी बांधायला त्याला पूर्वीच्या दुप्पट वेळ लागतो. आणि चेहरे! गेल्या वर्षी आमची आजी गेली. घर माणसांनी भरलेलं, आत्या ओक्साबोक्शी रडत होती. दादा मला मागच्या पडवीत घेऊन गेला आणि विचारलं, "आत्या माझ्यावर का चिडलीय? मी काय केलं?" त्याला आजी गेल्याचं दुःख नव्हतं असं नाही. नंतर महिनाभर तो तिच्या खाटेजवळच झोपायचा. आत्याच्या तोंडावरचं रडू त्याला राग वाटलं, एवढंच.

गोळ्यांनी वजनही वाढलंय, ६१ वरून ८८ किलो. साताऱ्याचे आमचे डॉक्टर म्हणाले, "आवाज गोळ्यांनी थांबतात. विसरणं आणि माणसं न कळणं गोळ्यांनी फारसं सुधारत नाही. त्याला रोज घाम येईपर्यंत चालवा, डोक्यालाही उपयोग होईल." वजनासाठी चालणं मला समजतं. पण चालण्याने माणसाचा चेहरा कळायला लागेल? हे मला नीट समजून घ्यायचंय. घरातला कुणाचा अनुभव आहे का? चालायला न्यावं की योग लावावा? आणि मुख्य म्हणजे, जो माणूस अकरा वाजेपर्यंत अंथरुणातून उठत नाही त्याला उठवायचं कसं? एका ग्रुपवर "व्यायामाने मेंदू बारा टक्के वाढतो" असा मेसेजही फिरतोय. तो खरा आहे का?

रानजाई

माझ्या बहिणीला हाच आजार आहे. आम्ही आधी झुंबाचा क्लास लावला होता. मोठ्ठा आवाज, चारी बाजूंना आरसे, वीस अनोळखी बायका. दुसऱ्याच दिवशी ती घाबरून परत आली आणि पुढे दोन महिने व्यायाम म्हटलं तरी दार लावून घ्यायची. तेव्हा गर्दी आणि गोंगाट असेल तिथे सुरुवात करू नका, एवढं कळकळीने सांगते. आता ती सोसायटीत माझ्या मुलीबरोबर बॅडमिंटन खेळते. गुण मोजायचं काम तिच्याकडे आहे आणि ती चुकत नाही.

पर्वतीकर_बाबा

ताई, तुमचं लिहिणं दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना मध्येच थांबावं लागलं.

मी एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालो. मुलगा ३१ वर्षांचा, आजाराला नऊ वर्षं झाली. डॉक्टरांनी व्यायाम सांगितला तेव्हा मी त्याला जिम लावून दिली, वर्षभराचे पैसे भरले. चार दिवस गेला. पाचव्या दिवशी मी ओरडलो, नको ते बोललो, "आळशी" म्हणालो. त्या शब्दाचं मला आजही वाईट वाटतं. शुभंकरांच्या, म्हणजे अशा आजारी माणसांना सांभाळणाऱ्या घरच्यांच्या, बैठकीत जायला लागल्यावर कळलं की स्वतःहून काही सुरू करण्याची उमेदच हा आजार काढून घेतो. अंथरुणातला माणूस आराम करत नसतो, त्याचं इंजिन स्टार्टरच घेत नसतं. माझा जन्म गाड्या सुरू करण्यात गेला आणि हे मला घरात दिसलं नाही.

त्या दिवसापासून "जा" म्हणणं बंद केलं. "चल" म्हणायला लागलो.

वेळही बदलली. रात्रीच्या गोळीची गुंगी त्याला सकाळी दहापर्यंत असते, सहाला उठवणं म्हणजे छळ होता. आम्ही संध्याकाळी पाचला निघतो. पर्वतीला १०३ पायऱ्या आहेत. पायऱ्या रुंद आहेत, घाई करावी लागत नाही. पहिल्या दिवशी तो तिसाव्या पायरीवर बसला. मीही बसलो. दहा मिनिटांनी आम्ही खाली आलो आणि घरी गेलो. असे दहा-बारा दिवस गेले. माथ्यावर पोचायला सहा आठवडे लागले. मी त्याला "अजून थोडं" म्हणालो नाही, तो वर बघायला लागला की मग उठायचो.

फरक कशात पडला ते जसं पडलं तसं सांगतो. आधी झोप सुधारली. मग वाचन. पूर्वी पेपरचे फक्त मथळे वाचायचा, तिसऱ्या महिन्यात क्रिकेटची आख्खी बातमी वाचून मला सांगितली, कोण कितीवर बाद झाला ते धरून. चढताना तो मनात पायऱ्या मोजतो. सुरुवातीला चाळिशीत आकडा हरवायचा आणि मग चिडायचा. आता शेवटपर्यंत नेतो. एक दिवस १०१ भरल्या, तर म्हणाला, "बाबा, परत खाली जाऊ, दोन राहिल्या." गेलो. पाय माझे दुखत होते, पण गेलो.

चेहऱ्याचं मात्र आठवा महिना लागला. वर गेलो की आम्ही कठड्याशी बसतो आणि येणारी-जाणारी माणसं बघतो. मी सहज विचारायचो, "त्या बाई कशा वाटतात रे? दमल्यात की वैतागल्यात?" कधी बरोबर सांगायचा, बऱ्याचदा नाही, मी वाद घालायचो नाही. एक दिवस चढताना साठाव्या पायरीच्या आसपास तो थांबला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "बाबा, तुमचं तोंड उतरलंय. बसू या." त्या दिवशी दुपारी माझ्या भावाचा रिपोर्ट आला होता. चांगला नव्हता. मी घरात कुणालाही सांगितलं नव्हतं, हिलासुद्धा नाही. नऊ वर्षांत माझ्या तोंडाकडे बघून त्याने असं काही पहिल्यांदा म्हटलं. मग मी त्यालाच सगळ्यात आधी सांगितलं.

गोळी तीच होती, डोस तोच होता. हे पायऱ्या चढल्याने झालं की रोज तासभर बापाशेजारी बसल्याने, मला सांगता येणार नाही. एवढं सांगतो की पावसाळ्यात पायऱ्या निसरड्या झाल्या, तीन आठवडे खंड पडला आणि झोप, वाचन, बोलणं सगळं मागे गेलं. आता पावसात आम्ही बिल्डिंगचे जिने चढतो आणि व्हरांड्यात सहा सूर्यनमस्कार घालतो. खंड पडू देऊ नका.

मिरजेची_बंगळूरवाली

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. मानसिक आजारातून सावरणाऱ्या शुभार्थींच्या पुनर्वसनाचं काम बारा वर्षं करतेय. काकांनी जे केलं तेच आम्ही पुस्तकं वाचून करतो, हे आधी सांगते.

आधी मेसेजबद्दल. बारा टक्क्यांचा आकडा २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन अभ्यासातला आहे. तीन महिने सायकल चालवलेल्या रुग्णांमध्ये हिप्पोकॅम्पस, म्हणजे आठवणींशी संबंध असलेला मेंदूचा भाग, तेवढा वाढलेला दिसला. सगळा मेंदू नव्हे. आणि सायकल चालवणारे रुग्ण फक्त आठ होते. पुढे नेदरलँड्समध्ये सहा महिने व्यायाम करून घेतला तेव्हा अशी वाढ दिसली नाही. तेव्हा त्या आकड्यावर आशा बांधू नका.

आशा बांधायला त्याहून चांगली जागा आहे. २०१७ मध्ये मँचेस्टरच्या संशोधकांनी दहा चाचण्या एकत्र करून तपासल्या, त्यात ३८५ रुग्ण होते. व्यायाम करणाऱ्यांची एकूण विचारक्षमता सुधारली. फार मोठी नाही, पण सुधारली. लक्ष टिकणं आणि कामापुरतं लक्षात ठेवणं (तुमची काडेपेटी!) यांत फरक होता. दुसऱ्याचे भाव आणि हेतू ओळखण्यातही होता, आणि तो आकडा तर सगळ्यांत मोठा होता, मात्र ते मोजमाप थोड्याच चाचण्यांत केलेलं होतं. कामाचा वेग आणि ऐकलेलं पाठ राहणं यांत स्पष्ट फरक दिसला नाही. तेव्हा पुडी बांधायला वेळ लागतच राहिला तर व्यायाम फुकट गेला असं समजू नका. आणखी दोन गोष्टी त्यात दिसल्या. आठवड्याचा व्यायाम जितका जास्त, तितका फायदा जास्त. आणि व्यायाम शिकवणारं जाणकार माणूस सोबत असेल तर फायदा अधिक. "फिरून ये" म्हणून हे होत नाही.

योगाबद्दल विचारलंत, त्याचं उत्तर इथे बंगळूरलाच आहे. परदेशी चेहऱ्यांचे फोटो दाखवून आपल्या माणसांची परीक्षा कशी घ्यायची, म्हणून निम्हान्स या इथल्या मानसिक आरोग्य संस्थेच्या डॉक्टरांनी भारतीय कलाकारांचे फोटो आणि छोट्या चित्रफिती मिळून ८० नमुने तयार केले. सहा मूळ भावना आणि एक निर्विकार चेहरा. त्यावर त्यांनी तीन गट तपासले: एक योग करणारा, एक व्यायाम करणारा, एक यातलं काहीच न करता नुसता आपली पाळी येण्याची वाट पाहणारा. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दोन महिन्यांनी चेहऱ्यावरचे भाव ओळखणं योगाच्या गटात सुधारलं, बाकी दोघांत नाही. गट लहान होते, व्यायामाच्या गटात तर वीससुद्धा माणसं नव्हती, म्हणून चालणं सोडून फक्त योग करा असं मी म्हणणार नाही. मी दोन्ही करून घेते: चार दिवस दम लागेल असं चालणं, दोन दिवस आसनं आणि प्राणायाम. डोळे मिटून लांबलचक ध्यान मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. आवाज ऐकू आलेल्या माणसाला ती शांतता कधीकधी सोसत नाही.

"चेहरा कसा कळेल" हा तुमचा प्रश्न मला फार आवडला. दम लागतो तेव्हा मेंदूत पेशींना पोसणारी द्रव्यं वाढतात, लक्ष जागं होतं. पण जागं झालेलं लक्ष कुठे लावायचं ते शिकवावं लागतं. काका कठड्याशी बसून "त्या बाई कशा वाटतात" विचारायचे, ते शिकवणं झालं. दादाला निर्विकार चेहरा रागीट दिसतो, हे या आजारात नेहमी आढळतं. म्हणून आपल्या मनातलं तोंडाने सांगायची सवय घरातल्यांनी लावून घ्यावी: "मी दमलेय, रागावलेली नाही."

सांभाळायच्या गोष्टी: एवढं वजन वाढलंय तर आधी रक्तदाब, साखर आणि ईसीजी बघून घ्या. यांतल्या काही गोळ्यांनी उठताना चक्कर येते आणि उन्हाचा त्रास लवकर होतो, म्हणून भर उन्हात नको आणि पाणी बरोबर ठेवा. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, एवढीच धाप लागू द्या. गोळ्या आपल्या मनाने कमी करू नका, कितीही बरं वाटलं तरी.

वाईची_धाकटी

तीन आठवड्यांनी लिहितेय, उशीर झाला. तुम्ही सगळ्यांनी एवढं मनापासून लिहिलंत, आईला सगळं वाचून दाखवलं. काकांचं "तोंड उतरलंय" आलं तेव्हा ती उठून आत गेली.

तपासण्या झाल्या. साखर काठावर आहे, बाकी ठीक. आम्ही संध्याकाळी दुकान बाबांवर सोडून निघतो. पहिल्या दिवशी गणपती घाटापर्यंतच गेलो. आता कृष्णेचा पूल ओलांडून मेणवलीच्या रस्त्याला लागतो, साधारण पंचवीस मिनिटं जाऊन परत. तीन दिवस तो आला नाही, त्या दिवशी मी एकटीच गेले. चौथ्या दिवशी तो चप्पल घालून दारात उभा होता.

विसरणं अजून तसंच आहे. पण काल चालताना मी त्याला त्या आजींबद्दल सांगितलं, की त्यांना मोतीबिंदू आहे, डोळे बारीक केल्याशिवाय त्यांना तुझं तोंडच दिसत नाही. तो थांबला, म्हणाला, "मग हे मला आधी का नाही सांगितलं?" खरंच, चौदा वर्षांत आम्ही कुणीच सांगितलं नव्हतं. आज त्या साबुदाणा घ्यायला आल्या होत्या. दादा आत गेला नाही. पुडी बांधून त्याने ती त्यांच्या हातात दिली आणि जरा मोठ्याने म्हणाला, "आजी, मी आहे."