फळांच्या स्मूदीसाठी सोया दूध घरीच काढावे का?

मूळ लेख : रानजाई

फळांच्या स्मूदीसाठी सोया दूध घरीच काढावे, त्यात साखर घालू नये आणि आंबट फळे टाळावीत, असे माझे ठाम मत आहे. विकतच्या अनेक दुधांत साखर आणि कृत्रिम स्वाद आधीच मिसळलेले असतात, त्यामुळे फळाची चव मागे पडते. घरच्या दुधाला उग्र वास येतो ही तक्रार खरी आहे, पण त्यावर उपाय आहे. सोयाबीनचे भिजलेले दाणे थंड पाण्यात वाटले की त्यांतील लायपॉक्सिजनेज हे विकर (एन्झाइम) तेलातील मेदाम्लांवर काम करू लागते आणि त्यातून तो वास निर्माण होतो; तेच दाणे उकळत्या पाण्यासह वाटले आणि मिश्रण ८० अंश सेल्सिअसच्या वर राहिले, तर विकर निष्क्रिय होऊन वास बराच कमी होतो. (गरम मिश्रण वाटताना भांडे अर्धेच भरावे, कारण वाफेने झाकण उडू शकते.) गाळून, उकळून, थंड केलेले २५० मिली दूध, गोठवलेले एक पिकलेले केळे आणि वाटीभर आंब्याच्या फोडी एवढ्यात दाट, गोड स्मूदी तयार होते.

प्रतिसाद : तळटीप

आपण चवीचा विचार नीट मांडला आहे, पण पोषणाचा प्रश्न बाजूलाच राहिला. १०० मिली गाईच्या दुधात साधारण १२० मिलिग्रॅम कॅल्शियम असते आणि घरी काढलेल्या सोया दुधात त्याच्या जेमतेम पाव हिस्सा. विकतच्या अनेक सोया दुधांत कॅल्शियम आणि ब१२ जीवनसत्त्व वरून घातलेले मिळते; ज्यांनी प्राणिज दूध पूर्णपणे सोडले आहे, त्यांच्यासाठी ही बाब किरकोळ नाही. साखर नको असेल तर बिनसाखरेचे दूध निवडावे आणि कॅल्शियम तळाशी बसत असल्याने डबा हलवून ओतावे. शिवाय सोया दूध उकळायच्या आधीच फेसाळून वर येते आणि तेवढ्यावर फसून अनेक जण आच बंद करतात. अशा अर्धकच्च्या दुधात प्रथिनांच्या पचनाला अडथळा आणणारी ट्रिप्सिन-रोधके शिल्लक राहतात.

रानजाई

उकळण्याबाबत आपले म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. फेस खाली बसल्यावर मंद आचेवर, ढवळत, १५ ते २० मिनिटे दूध उकळत ठेवावेच लागते. कॅल्शियमचा मुद्दा मात्र संपूर्ण आहाराचा आहे. ज्यांना ते अन्य पदार्थांतून पुरेसे मिळते, त्यांनी केवळ त्यासाठी विकतचे दूध का घ्यावे? प्राणिज दूध सोडलेल्यांविषयीचा आपला आक्षेप रास्त आहे.

प्रतिसाद : दुपारसावली

आंबट फळे टाळण्याचा सल्ला मला मुळीच पटत नाही. मिश्रणाचा पीएच (आम्लतेचे माप) ४.५ च्या आसपास आला की सोया प्रथिने एकत्र येऊन गुठळ्या धरतात. म्हणजे हा आम्लाचा परिणाम आहे, दूध नासल्याची खूण नव्हे. दूध आणि फळ दोन्ही थंड असावीत, आधी दूध व केळे फिरवून दाट करावे, स्ट्रॉबेरी किंवा संत्रे शेवटी घालावे आणि पेला लगेच संपवावा. इतके केल्यास गुठळ्या सहसा जाणवत नाहीत. आंबटपणाशिवाय केळे आणि आंबा यांची स्मूदी नुसती गोड आणि जड लागते. अपवाद करायचा तर न शिजवलेल्या अननसाचा करावा. त्यातील ब्रोमेलेन हे विकर प्रथिने तोडते, त्यामुळे मिश्रण ठेवल्यास कडवट होऊ शकते. गोठवल्याने ते विकर नष्ट होत नाही, फोडी शिजवून घेतल्यास होते.

प्रतिसाद : तळटीप

स्ट्रॉबेरीसोबत केळे घालण्याला माझा आक्षेप आहे. केळ्यातील पॉलिफिनॉल ऑक्सिडेज हे विकर बेरीवर्गीय फळांतील फ्लॅव्हनॉल (आरोग्यास उपयुक्त मानली जाणारी वनस्पतिद्रव्ये) मोडते आणि ती शरीराला फार कमी मिळतात, असे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात दिसले. बेरींचा लाभ हवा असेल तर दाटपणासाठी आंबा वापरावा.

दुपारसावली

तो अभ्यास एका द्रव्यगटापुरता होता. केळ्यातील तंतू आणि पोटॅशियम त्याने कमी होत नाही आणि स्ट्रॉबेरीतील क जीवनसत्त्वाची तपासणी त्यात मुख्य नव्हती. रोजच्या स्मूदीत मी केळे ठेवीनच.

रानजाई

दूध आधी, आंबट फळ शेवटी, हा क्रम मी स्वीकारते आणि स्ट्रॉबेरीवरील माझा आक्षेप मागे घेते. लिंबाचा रस मात्र मी अजूनही नाकारेन, कारण तो चमचाभरच घातला तरी पातळ घरगुती दूध फाटते आणि केळ्याचा दाटपणाही ते सावरू शकत नाही.