मदत हवी आहे: ट्रेग पेशी फक्त दाह शमवतात की स्वतः डागडुजीही करतात?

अर्धवट_अभ्यासू
नमस्कार मंडळी. पुढच्या मंगळवारी माझा सेमिनार आहे. विषय मीच हौसेनं मागून घेतलाय: नियामक टी पेशी, म्हणजे ट्रेग, आणि ऊतींची दुरुस्ती. २०२५चं वैद्यकाचं नोबेल ब्रंको, रॅम्सडेल आणि साकागुची यांना मिळालं तेव्हा या पेशींबद्दल बरंच वाचलं होतं, म्हणून वाटलं सोपं जाईल. कसलं काय!

आत्तापर्यंत कळलंय ते असं. ट्रेग म्हणजे प्रतिकारयंत्रणेचा ब्रेक. फॉक्सपी३ हे जनुक बिघडलं की ब्रेक निकामी होतो आणि यंत्रणा आपल्याच शरीरावर उलटते. इथवर ठीक. मग मॅथिस आणि बेनोइस्ट यांच्या प्रयोगशाळेतला २०१३चा स्नायूंवरचा शोधनिबंध हाती आला. उंदराच्या पायाच्या स्नायूत कार्डिओटॉक्सिन (नागाच्या विषातलं) टोचून इजा केली, तर काही दिवसांत तिथे ट्रेगची गर्दी. एरवी रक्तातल्या सीडी४ पेशींत (टी पेशींचा एक गट, ट्रेग त्यातल्याच) त्या ५ ते १० टक्के. इथे निम्म्याच्या घरात. आणि ट्रेग काढून टाकल्या तर स्नायू नीट भरून येत नाही.

अडलंय ते इथेच. ब्रेक काढला तर दाह भडकणारच, आणि जळत्या घरात गवंडी काम कसं करणार? मग दुरुस्ती 'ट्रेगच करतात' हे म्हणायचं कशाच्या जोरावर? कुणी विचारलं तर मी उभ्या उभ्या गार.

मायक्रोस्कोपवाली
शंका अगदी रास्त आहे, अशा प्रयोगांवर पहिला आक्षेप हाच येतो. आधी स्नायूचं सांगते, कारण हे मी रोज बघते. आडव्या छेदात निरोगी तंतू गुलाबी बहुकोनी दिसतात, केंद्रकं कडेला चिकटलेली. नव्यानं घडलेल्या तंतूत मात्र केंद्रक बरोबर मधोमध, निळ्या टिकलीसारखं. दुरुस्ती नीट झाली असेल तर टिकल्यांची रांगच्या रांग दिसते. ट्रेग नसलेल्या उंदरात मध्ये नुसता गोंधळ: दाहाच्या पेशी, कोलॅजन (व्रणातलं तंतुमय प्रथिन), आणि टिकलीवाले तंतू विखुरलेले. मॅक्रोफेज (भक्षक पेशी) सुरुवातीला मलबा साफ करतात आणि मग बांधकामाला मदत करणाऱ्या रूपात जातात. तो बदलच तिथे रखडतो.

आता तुमचा मुद्दा. एवढ्यावरून 'ट्रेग दुरुस्ती करतात' म्हणता येत नाही, बरोबर. पण त्याच निबंधात अँफिरेग्युलिन नावाचा वाढीचा घटक सापडला. स्नायूतल्या ट्रेग तो तयार करतात आणि स्नायूच्या मूळपेशींवर, म्हणजे सॅटेलाइट पेशींवर, त्याचा थेट परिणाम होतो. मध्ये दाहाचा संबंध नाही.

जुना_खोडसाळ
मायक्रोस्कोपवालीताईंनी अर्धं काम केलं. उरलेलं अर्धं २०१५मध्ये रुडेन्स्कींच्या प्रयोगशाळेनं फुप्फुसात केलं. त्यांनी ट्रेगना हात लावला नाही, फक्त ट्रेगमधलं अँफिरेग्युलिनचं जनुक काढून टाकलं. ब्रेक शाबूत, फक्त गवंड्याची थापी काढून घेतली. मग इन्फ्लुएंझाचा विषाणू दिला. विषाणूशी लढाई नेहमीसारखीच झाली, दाह आटोक्यात ठेवायचं कामही बिघडलं नाही. तरी फुप्फुसाचं नुकसान जास्त आणि रक्तातला ऑक्सिजन घसरला. तुमच्या जळत्या घराचं उत्तर इथे आहे.

अवांतर: ट्रेग मारायला जे घटसर्पाचं विष वापरतात ना, त्याला उंदीर मुळात दाद देत नाहीत. म्हणून त्यांच्या ट्रेगमध्ये दुसऱ्या प्राण्याचा ग्राही (विष ज्याला चिकटतं तो पेशीवरचा रेणू) घालावा लागतो, आणि तो ग्राही अँफिरेग्युलिनचाच चुलतभाऊ निघतो. सेमिनारमध्ये नका सांगू, फाटे फुटतील.

अर्धवट_अभ्यासू
वा, हेच हवं होतं! पण अँफिरेग्युलिन तर इतर पेशीही बनवतात. मग ट्रेगचंच का अडतं? आणि एकच पेशी ब्रेक लावायचा की थापी उचलायची हे ठरवते कशी?

मायक्रोस्कोपवाली
पहिल्याचं उत्तर प्रयोगातच आलं: बाकीचे असूनही ट्रेगची उणीव भरून निघाली नाही. दुसरा प्रश्न मात्र मस्त आहे. दाह दाबायच्या कामासाठी ट्रेगना त्यांच्या टी पेशी ग्राहीकडून संदेश लागतो. अँफिरेग्युलिन बनवायला तो लागत नाही. इंटरल्युकिन-१८ किंवा इंटरल्युकिन-३३ (पेशींमध्ये निरोप पोचवणारी प्रथिनं) पुरतं. यातलं ३३ म्हणजे इजा झालेल्या पेशींमधून बाहेर पडणारी हाक. म्हणजे हुकूम दोन वेगळ्या दारांनी येतात, आणि म्हणूनच दोन्ही कामं प्रयोगात सुटी करता आली.

म्हाताऱ्या उंदरांच्या स्नायूत ट्रेग कमी जमतात, त्याचं एक कारण हेच ३३ कमी पडणं. बाहेरून दिलं तर ट्रेग वाढतात आणि स्नायू जास्त चांगला भरतो. ही स्लाइड ठेवाच.

जुना_खोडसाळ
आणि उलट बाजूही ठेवा, नाहीतर जाहिरात वाटेल. अँफिरेग्युलिन सुप्त टीजीएफ-बीटाला (व्रण घडवणाऱ्या वाढीच्या घटकाला) जागं करू शकतं, आणि इजा रेंगाळली तर त्याच वाटेनं ऊती व्रणासारखी कडक होते. शिवाय सगळीकडे हाच रेणू, असंही नाही. त्वचेतल्या ट्रेग जॅग्ड१ हे प्रथिन वापरून केसांच्या मुळाशी असलेल्या मूळपेशींना जागं करतात (२०१७). मेंदूत मज्जातंतूंवर मायलिनचं आवरण परत चढवण्यात सीसीएन३ या प्रथिनाची भूमिका दिसली, तेही २०१७मध्येच.

अर्धवट_अभ्यासू
दोघांचे आभार. पहिल्या स्लाइडवर ब्रेकचं मोठ्ठं चित्र टाकलं होतं, ते काढतेय. त्याजागी काय टाकू?

मायक्रोस्कोपवाली
टिकल्यांचा छेद. ट्रेग असलेला आणि नसलेला, शेजारी शेजारी. अर्धा मिनिट काही बोलू नका, लोकांना बघू द्या.