‘अ वॉक इन द वूड्स’ वाचून नवऱ्याने सॅक आणली, आता काय करू?

खिडकीपाशी:

नमस्कार मंडळी. धागा पुस्तकांच्या विभागात टाकतेय, पण अर्धा तो नवऱ्याबद्दल आहे. चालवून घ्या.

हिवाळ्यात बर्फावर घसरून माझा घोटा मोडला. सहा आठवडे सोफा आणि मी. लेकीने बिल ब्रायसनचं ‘अ वॉक इन द वूड्स’ आणून हातात ठेवलं. म्हणाली, तुला चालता येत नाही तर दुसऱ्याचं चालणं वाच. मी मोठ्याने वाचायचे, आमचे हे शेजारी बसून ऐकायचे. दोघं इतके हसायचो की वरच्या मजल्यावरचा भाडेकरू एकदा विचारायला खाली आला.

ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. चव्वेचाळीस वर्षांचा ब्रायसन १९९६ च्या मार्चमध्ये अ‍ॅपलेशियन ट्रेल चालायला निघतो. जॉर्जियातल्या स्प्रिंगर माउंटनपासून मेनमधल्या कटाडिनपर्यंत, चौदा राज्यं, सुमारे २,१९० मैल. अनुभव शून्य. सोबतीला कॅट्झ नावाचा शाळेपासूनचा मित्र, लठ्ठ, दारू सोडलेला, सतत काहीतरी खायला लागणारा. पहिल्याच दिवशीच्या चढावर हा कॅट्झ सॅकमधलं सामान उपसून रानात भिरकावतो. त्यात कॉफी गाळायचे कागदसुद्धा! म्हणजे ज्या वस्तूला वजनच नाही ती पण. इथे ह्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

आता अडचण. पुस्तक संपलं, माझा घोटा बरा झाला, आणि गेल्या शनिवारी हे पासष्ट लिटरची सॅक घेऊन घरी आले. वय वर्षं त्रेसष्ट. आम्ही न्यू जर्सीत राहतो, ट्रेल आमच्या राज्यातून बहात्तर मैल जातो आणि घरापासून तासाभरावर आहे. “म्हणजे दारातच आहे की,” इति हे. सॅक भरून बाथरूममधल्या काट्यावर ठेवली. एक्केचाळीस पौंड. आत काय आहे म्हणून बघितलं तर घडीची खुर्ची, तीन टॉर्च, छोटा कुकर आणि चहाचं गाळणं. मी म्हटलं, अहो, तुम्ही आधी कॅट्झ झालात, पुस्तक नंतर वाचलंत. त्यावर अबोला.

प्रश्न दोन आहेत.

पहिला पुस्तकाचा. ह्यांच्या मते हे चालण्याचं पुस्तक आहे. माझ्या मते न चालण्याचं. टेनेसीतल्या गॅटलिनबर्गला पोचल्यावर दोघं दुकानातल्या भिंतीवरचा अख्ख्या ट्रेलचा नकाशा बघतात, आपण इतके दिवस रक्त आटवून जेमतेम दोन इंच सरकलोय हे त्यांना कळतं, आणि ते सरळ गाडी करून व्हर्जिनियात निघून जातात. मला तिथे एकीकडे हसू आलं, एकीकडे फसवल्यासारखं झालं. पुढे कॅट्झ घरी जातो आणि ब्रायसन गाडी लावून दिवसभराच्या फेऱ्या मारायला लागतो तेव्हा तर पुस्तकाची हवाच जाते. जे खरोखर ट्रेलवर चाललेत त्यांना हे पुस्तक कसं वाटतं?

दुसरा: ह्यांना पहिल्यांदा कुठे न्यावं, म्हणजे हौसही फिटेल आणि आम्ही दोघंही घरी परत येऊ? अस्वलांची मला खरंच भीती वाटते. ती ब्रायसनच्या पुस्तकानेच घातलीय.

पायदळ:

ताई, धागा वाचून चहा नाकातून आला.

मी हा ट्रेल अकरा वर्षं तुकड्यातुकड्यांनी चालतोय, अजून न्यू इंग्लंड बाकी आहे. वाटेवरच्या मुक्कामाच्या शेल्टरमध्ये रात्री हे पुस्तक हमखास निघतं. निम्मे लोक म्हणतात, याच्यामुळे आलो. उरलेले म्हणतात, त्याने ट्रेल पुरा केला नाही, त्याला काय कळतंय. गंमत म्हणजे दुसरं वाक्य बोलणाऱ्यांनीही पुस्तक पाठ केलेलं असतं.

माझं मत विचाराल तर नकाशाचा प्रसंग हाच पुस्तकाचा कणा आहे. तुम्हाला फसवल्यासारखं झालं, मला सुटल्यासारखं झालं होतं. मी पहिल्यांदा निघालो तेव्हा सहा महिन्यांची रजा मिळणं शक्यच नव्हतं. बाकीची पुस्तकं वाचून वाटायचं की सलग चालला तरच तो चालणारा, बाकी सगळे सहलीला आलेले. ब्रायसन शेवटी बसून हिशेब मांडतो, ८७० मैल, म्हणजे ट्रेलच्या ३९.५ टक्के. तो ‘.५’ मला फार आवडतो. ज्याला खरंच लाज वाटत असते तो दशांश चिन्हापर्यंत जात नाही.

आणि नियमही तेच सांगतात. ट्रेल सांभाळणारी अ‍ॅपलेशियन ट्रेल कॉन्झर्व्हन्सी पूर्ण ट्रेल चालणाऱ्यांची नोंद ‘टू थाउजंड मायलर’ म्हणून ठेवते. एका दमात चाला नाहीतर वीस वर्षं लावा, उलट चाला, सुलट चाला, पाठीवर सॅक घ्या किंवा घेऊ नका. पुरावा मागत नाहीत, तुमच्या शब्दावर विश्वास ठेवतात.

सामानाबद्दल: काकांना सांगा, ते एकटे नाहीत. सुरुवातीपासून साधारण एकतीस मैलांवर जॉर्जियात नील गॅप नावाची खिंड आहे. तिथल्या दगडी इमारतीतल्या दुकानात लोक सॅक उलटी करतात आणि अनुभवी माणसं सांगतात काय ठेवायचं, काय पोस्टाने घरी पाठवायचं. मी गेलो तेव्हा बाहेर झाडावर जुने बूट लटकलेले होते. मी स्वतः तिथून कास्ट आयर्नचा तवा घरी पाठवलाय. बायकोने खोका उघडून फोन केला, त्याबद्दल इथे लिहीत नाही.

खुर्ची, दोन टॉर्च आणि कुकर आधी काढा. गाळणं राहू द्या, त्याला वजन नाही. भिरकावायचंच झालं तर उपयोगी पडेल.

पहिल्यांदा डेलावेअर वॉटर गॅपहून सनफिश पाँडला जा. हिमनदीने कोरलेलं तळं आहे, डोंगरमाथ्यावर. जाऊन येऊन साधारण आठ मैल, वर जाताना हजारेक फूट चढ. ब्रायसनही तिथे गेला होता. झाडांवर दोन इंच रुंद, सहा इंच उंच पांढरे पट्टे रंगवलेले दिसतील, ते धरून चालायचं. एकावर एक दोन पट्टे दिसले की वाट वळतेय. निळा पट्टा म्हणजे फाटा, पाण्याकडे किंवा शेल्टरकडे जाणारा.

अस्वल: न्यू जर्सीत आहेत, आणि बरीच आहेत. काळी. दिसलं तर पळायचं नाही, उभं राहून मोठ्याने बोलायचं, त्याला जायला वाट ठेवायची. मुक्कामाला गेलात तर खाणं तंबूत ठेवायचं नाही, तिथल्या शेल्टरांशी लोखंडी पेट्या असतात त्यात ठेवायचं. शेकोटी त्या राज्यात ट्रेलवर चालत नाही, काकांनी काडेपेट्या भरल्या असतील तर त्याही काढा.

खरी काळजी गोचिडांची करा. अस्वल निदान दिसतं. लाइम रोग पसरवणारं गोचिडाचं पिल्लू खसखशीएवढं असतं. कपड्यांना आदल्या दिवशी पर्मेथ्रिन हे कीटकनाशक मारा, पँट मोज्यात खोचा आणि घरी आल्यावर गुडघ्यामागे, काखेत, केसांत बघा. हे काम एकमेकांसाठी करावं लागतं, अबोला तोवर सोडा.

निरीक्षक:

सगळे कौतुक करताहेत म्हणून उलटा सूर. मला ब्रायसन हसवतो आणि लगेच खजीलही करतो. वाटेत भेटणारी ती मेरी एलन आठवते ना, बडबडी, सगळं येतं असं सांगणारी? दोघं तिला चुकवून पुढे सटकतात आणि आपण हसतो. मी दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा ती रानात एकटी मागे राहिलीय हेच डोक्यात राहिलं. दक्षिणेकडच्या गावातली माणसं, जाडी माणसं, मोटेलवाले, सगळ्यांच्या अंगावर विनोद. स्वतःवरही करतो, मान्य. पण शेवटचं वाक्य नेहमी त्याचंच असतं. कॅट्झने लिहिलेलं पुस्तक असतं तर मी पैसे देऊन घेतलं असतं.

बाकी न चालण्याचं पुस्तक, हे तुमचं म्हणणं पटलं.

पॉपकॉर्न:

२०१५ चा सिनेमा कोणी पाहिलाय का? चव्वेचाळीसच्या ब्रायसनच्या जागी ऐंशीला टेकलेला रॉबर्ट रेडफर्ड. निक नोल्टी मात्र कॅट्झ शोभलाय, विमानातून उतरतो तिथेच अर्धे पैसे वसूल. काकांना दाखवू नका, त्रेसष्ट म्हणजे पोरवय वाटेल.

रानकेतकी:

खिडकीपाशी, कॅट्झ नसतानाचा भाग ढिला आहे हे खरं. पण पुस्तकात विनोदापलीकडेही काही आहे. चेस्टनट झाडांबद्दलची पानं परत वाचा. मी पहिल्या वेळी ती भराभर उलटली होती, विनोद कुठे आहे शोधत. मग एकदा व्हर्जिनियात चालताना सोबतच्या बाईंनी एक रोप दाखवलं, लांबट करवती पानांचं, माझ्या खांद्याएवढं. अमेरिकन चेस्टनट. १९०४ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयातल्या झाडांवर आशियातून आलेली बुरशी सापडली आणि चारपाच दशकांत या डोंगरांतली चेस्टनटची मोठी झाडं जवळजवळ सगळी गेली. मुळं मात्र मेलेली नाहीत. त्यांना धुमारे फुटतात, काही वर्षं वाढतात, साल जरा जाड झाली की बुरशी गाठते आणि पुन्हा जमिनीपासून सुरुवात. घरी येऊन पुस्तकातली ती पानं काढून वाचली. तो विनोद करणारा माणूस तिथे गप्प होतो.

पुरा न करण्याबद्दल आणखी एक. एमा गेटवुड हे नाव ऐकलंय का? ओहायोची, अकरा मुलांची आई. १९५५ मध्ये सदुसष्टाव्या वर्षी एकटीने अख्खा ट्रेल चालली. पायात कॅनव्हासचे बूट, खांद्यावर घरी शिवलेली पिशवी, तंबूऐवजी न्हाणीघराचा प्लॅस्टिकचा पडदा. मुलांना सांगून निघाली की जरा चालायला जातेय. ही गोष्ट सगळे सांगतात. आदल्या वर्षीची फार कोणी सांगत नाही. १९५४ मध्ये ती मेनमधून निघाली होती, वाट चुकली, चष्मा फुटला, रेंजरांनी परत पाठवलं. घरी येऊन ती त्याबद्दल चकार शब्द बोलली नाही. पुढच्या वर्षी दुसऱ्या टोकाने, जॉर्जियातून, सुरुवात केली.

बाईंच्या पिशवीचं वजन काकांना मुद्दाम सांगा. वीस पौंडांच्या आत होतं.

खिडकीपाशी:

सगळ्यांचे आभार. निरीक्षक, मेरी एलनबद्दल तुम्ही लिहिलंत आणि मी तो भाग परत काढला. आता हसू येत नाही, याचा थोडा राग आहे तुमच्यावर.

तर वृत्तांत. रविवारी गेलो. एमाबाईंचं वजन सांगितल्यावर एक शब्द न बोलता हे उठले आणि सॅक रिकामी करायला बसले. खुर्ची गेली, कुकर गेला, टॉर्च एक राहिला. तेवीस पौंड. मी म्हटलं, दिवसभरासाठी तेवीसही कशाला? तर “सराव.”

वॉटर गॅपच्या पार्किंगमधून ओढ्याच्या कडेने वर लागलो. पहिला मैल हे पुढे, प्रत्येक पांढऱ्या पट्ट्याला हात लावत. दुसऱ्या मैलाला मी पुढे. वाट म्हणजे नुसते दगड हो, पाय ठेवायला सपाट जागा सापडत नाही. मोडलेल्या घोट्याने प्रत्येक दगडाची चौकशी केली. एक मुलगी भरभर वर येऊन आम्हाला ओलांडून गेली, आमच्या लेकीपेक्षाही लहान, सॅक माझ्या पर्सएवढी. जॉर्जियाहून निघालेय म्हणाली. ह्यांनी विचारलं, किती राहिलं? “सुमारे नऊशे मैल,” आणि गेली पण. हे बराच वेळ ती गेली त्या वळणाकडे बघत उभे राहिले.

तीन मैलांवर घोटा दुखायला लागला. तळं अजून पाऊण मैल पुढे होतं. मी म्हटलं, तुम्ही बघून या, मी इथे बसते. तर सॅक खाली ठेवून माझ्याशेजारी बसले. गाळणं बाहेर काढलं (होतंच!), छोट्या स्टोव्हवर पाणी ठेवलं आणि आम्ही खडकावर बसून चहा प्यायलो. अस्वल नाही. एक मोठा काळा साप उन्हात पसरलेला, त्याला आमच्यात काही रस नव्हता. मग उतरलो.

तळं पाहिलं नाही. घरी येऊन गोचीड तपासणी झाली, एक निघाला, ह्यांच्या पोटरीवर. चिमट्याने धरून सरळ ओढून काढला, तारीख कॅलेंडरवर लिहिलीय.

रात्री हे कॅल्क्युलेटर घेऊन बसले. तीन भागिले दोन हजार एकशे नव्वद. ०.१४ टक्के. कागदावर लिहून पुस्तकात खूण म्हणून घातलंय. आता त्यांचा एकच प्रश्न आहे, तो जसाच्या तसा विचारते: परत येतानाचे तीन मैल धरतात का?

पायदळ:

नाही धरत. काकांना सांगा, मीही विचारलं होतं.