सुरक्षा पॅच थांबलेला फोन अजून किती दिवस वापरायचा?

कोरांटी:
बॅटरी उतरली की लोक फोन बदलतात आणि नीट चालत असेल तर पाच-सहा वर्षं ओढतात. मला दोन्ही कसोट्या चुकीच्या वाटतात. सेटिंग्जमध्ये 'फोनविषयी' उघडा, अँड्रॉइड आवृत्तीवर टिचकी मारा आणि सुरक्षा अपडेटची तारीख बघा. ती वर्षभराहून जुनी असेल, तर त्या फोनवर बँक आणि यूपीआय ठेवू नका.

एक उदाहरण देते. २०२३ च्या शेवटी ब्लूटूथमधली एक त्रुटी उघड झाली. ब्लूटूथ चालू असेल तर जवळपासचा माणूस, तुम्ही परवानगी न देताच, खोटा कीबोर्ड जोडून तुमच्या फोनवर बटणं दाबू शकत होता. त्या डिसेंबरच्या पॅचमध्ये, म्हणजे सुरक्षा अपडेटमध्ये, अँड्रॉइड ११ ते १४ साठी दुरुस्ती आली. १० आणि त्याखालच्या फोनना ती मिळालीच नाही.

सोल्डरगन:
त्रुटी खरी आहे, पण त्यासाठी चोर ब्लूटूथच्या टप्प्यात हवा. लोकांचे पैसे जातात ते वेगळ्याच वाटेने: व्हॉट्सअॅपवर लग्नपत्रिका किंवा वाहनाचं चलान म्हणून आलेली एपीके (अॅप बसवणारी) फाइल स्वतःच्या हाताने बसवतात, तिला एसएमएस वाचू देतात, आणि ओटीपी पलीकडे पोचतो. हे कालच घेतलेल्या फोनवरही होतं.

बरेच फोन नुसत्या बॅटरीपायी टाकून दिले जातात. ३० टक्के दाखवत असताना कॅमेरा उघडला की फोन बंद पडतो, याचं कारण बॅटरीतल्या जुन्या सेलचा अंतर्गत रोध वाढलेला असतो. एकदम जास्त करंट ओढला की व्होल्टेज कोसळतं. सेल बदलला की हे थांबतं. मात्र उघडण्याआधी चार्ज २५ टक्क्यांच्या खाली आणा, म्हणजे चुकून सेलला भोक पडलं तरी भडका कमी. गोंद उष्णतेने सैल करा, धातूची पट्टी आत घालू नका. पाण्यापासून राखणारं सील मात्र पहिल्यासारखं राहील असं धरून चालू नका. पाठीचं झाकण उचललेलं दिसलं तर सेल फुगलाय. मग चार्जिंग ताबडतोब बंद.

कोरांटी:
बॅटरीचं पटलं. पण नव्या सेलने कर्नल (प्रणालीचा गाभा) आणि चिपचे ड्रायव्हर (चिप चालवणारे प्रोग्रॅम) नवे होत नाहीत. अँड्रॉइड १० पासून काही भाग गूगल प्लेवरून दुरुस्त होतात, सगळे नाहीत. ब्राउझरही साथ सोडतो: क्रोम १३९ पासून अँड्रॉइड ८ आणि ९ ला नवी आवृत्ती मिळत नाही. अशा फोनवर रोज वेबसाइट उघडणं मला एपीकेइतकंच काळजीचं वाटतं.

पाणवठा:
मग कंपनीच्या अँड्रॉइडऐवजी लिनिएजसारखी दुसरी प्रणाली टाकायची की!

सोल्डरगन:
त्यासाठी बूटलोडरचं, म्हणजे फोन सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमचं, कुलूप उघडावं लागतं, आणि ते उघडलं की बँकेची बरीच अॅप चालायला नकार देतात. शिवाय मोडेमचं (नेटवर्कशी जोडणाऱ्या भागाचं) आतलं सॉफ्टवेअर कंपनीने दिलेलं जुनंच राहतं. वाचनाला, गाण्यांना ठीक, यूपीआयसाठी नको.

पाणवठा:
घरात एकच फोन असेल तर "बँक ठेवू नका" हा सल्ला पाळायचा कसा? यूपीआय नोंदणीचा एसएमएस त्याच सिमवरून, त्याच फोनमधून जावा लागतो.

कोरांटी:
तर नुकसानीला मर्यादा घाला. यूपीआयला पगाराचं खातं जोडू नका. वेगळं खातं जोडा आणि त्यात आठवड्याच्या खर्चापुरतेच पैसे ठेवा. ब्लूटूथ एरवी बंद. अनोळखी अॅप बसवण्याची परवानगी ब्राउझर आणि व्हॉट्सअॅप दोन्हींची काढा. ही फार तर काही महिन्यांची सोय आहे, तेवढ्यात फोन बदला.

सोल्डरगन:
'काही महिने' मला मान्य नाही. अशी शिस्त पाळणाऱ्याने क्रोम अद्ययावत होतंय तोवर, म्हणजे सध्या अँड्रॉइड १० किंवा त्यावरचा, फोन वापरावा. आणि बदलायचाच तर स्वस्ताईला भुलू नका. अपडेटची वर्षं सहसा मॉडेल बाजारात आल्यापासून मोजतात, तुम्ही विकत घेतल्यापासून नव्हे. चार वर्षांची हमी असलेलं मॉडेल दोन वर्षांनी सवलतीत घेतलंत तर हातात दोनच उरतात. पिक्सेल ८ ला ऑक्टोबर २०२३ पासून सात वर्षं आहेत. तो जुना घेतला, सेल बदलला, तरी २०३० पर्यंत पॅच मिळतील.

कोरांटी:
जुना घ्यायचा तर पैसे देण्याआधी दुकानातच सुरक्षा अपडेटची तारीख आणि बूटलोडरचं कुलूप बंद असल्याचं बघून घ्या. वापरलेल्या फोनपुरतं आपलं एकमत. अँड्रॉइड १० वर मात्र मी यूपीआय ठेवणार नाही.